बिनपाण्याचं सरबत

“यात पाण्याचा एक थेंब पडणार नाही, माय. तू इथंच समोर बस अन् पाहत राह्य.”

मयुरीनं ओसरीवर परात मांडली आणि टरबूज मधोमध चिरलं. आतून चांगलं लाल निघालं. तिची माय पंचफुला भिंतीला टेकून बसली होती. बाजारातून आल्यामुळे तिचे पाय धुळीनं पांढरे झाले होते आणि लुगडं पाठीला चिकटलं होतं. शेजारी टोपली, टोपलीच्या तळाशी न विकलेली लिंबं आणि तिची पाण्याची बाटली. बाटली सोनाळ्यातच संपली होती.

“तू कर,” पंचफुला म्हणाली. “पण मी इचारल्याशिवाय राहणार नाही.”

“इचार ना. कोण नाही म्हणते?”

पंचफुला लिंबं विकायची. सातपुड्याच्या पायथ्याशी तिच्या घरामागं लिंबाची झाडं होती. नवरा गेल्यावर त्या झाडांवर तिनं घर चालवलं आणि लेकरांची लग्नंही लावली. सोनाळ्याच्या बाजारात तिची बसायची जागा ठरलेली होती. ती लिंबं नगावर विकायची आणि भाव एकदाच सांगायची. घासाघीस करणाऱ्याला ती म्हणायची, “बावा, पुढं स्वस्त भेटतील. तिकडे जाय.” तो पुढं जायचा आणि बहुतेक वेळा परत यायचा.

बाजार उठला की ती घराकडं निघायची. वाटेत मयुरीचं सासर लागायचं. तिथं उतरून ती तासभर ओसरीवर बसायची, लेकीशी आणि विहिणीशी बोलायची आणि पुढची काळीपिवळी जीप धरायची. इतक्या वर्षांत या घरचं पाणी तिनं प्यायलं नव्हतं. लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या सासरचं पाणी माहेरच्यांनी प्यायचं नाही, ही त्यांच्या घराण्याची रीत. पाणी नाही म्हणून चहा नाही, जेवण नाही. फुटाणे, शेंगदाणे असं कोरडं काही चालायचं. पंचफुलाचे वडील तिच्याकडं असेच यायचे. पंचफुलाला पहिला मुलगा झाला, तेव्हा ते भर दुपारी पायी आले आणि पाळण्यात पाहण्याआधी त्यांनी पाणी मागितलं. ते पाणी पिणाऱ्या बापाचा चेहरा तिच्या मनात पक्का बसला होता. तसं आपणही एक दिवस मागू, असं तिला वाटत आलं होतं.

मागच्या बाजाराच्या दिवशी मात्र वेगळंच झालं. ऊन फार होतं, बाटली संपलेली होती आणि ओसरीवर बसल्या बसल्या पंचफुलाला भोवळ आली. माठ चार पावलांवर होता. मयुरी तांब्या घेऊन समोर उभी राहिली. पंचफुलानं डोळे मिटूनही नाही म्हणत मान हलवली. शेवटी जावई कुलदीप धावत रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर गेला आणि तिथून पाणी घेऊन आला. टपरीवर बसलेली माणसं उठून पाहत होती.

म्हणून आज हे सरबत.

“टरबूज कोणाचं?” पंचफुलानं विचारलं.

“कय्यूमभाऊचं. काल दारावर हातगाडी घेऊन आले होते. पूर्णेच्या वाळूतलं हाय.”

“टरबुजात पाणीच असते वो.”

“ते नदीचं पाणी होय, या घरचं नाही.”

पंचफुलानं थोडा विचार केला. आत दारात मयुरीची सासू पुष्पाबाई उभी होती. तिला हसू आलं. “नदी सगळ्याइची असते, इहीनबाई. ते चालते.”

“चालते,” पंचफुला म्हणाली. “पण एवढं गार काऊन हाय?”

“रातभर फ्रिजात होतं.”

“फ्रिज तं याच घरचा.”

“माय, फ्रिजचा गारवा पेता येते का?”

“बर्फ टाकशील.”

“नाही टाकत. बर्फ म्हणजे पाणी, एवढं मले समजते.”

“अन् हा गंज?” पंचफुलानं परातीशेजारच्या पातेल्याकडं बोट केलं. “धुतला असशील ना?”

“धुतला, पुसला अन् उन्हात वाळवला. हात लावून पाह्य.”

पंचफुलानं खरंच गंजात हात घालून पाहिला. गंज कोरडा होता आणि उन्हानं तापलेला होता. पुष्पाबाई आता मोकळ्यानं हसली. “पोरगी वकील व्हाले पाह्यजे होती. आमच्या घरी येऊन वाया गेली.”

“वाया कायले गेली? तुमच्याशी भांडाले वकीलच पाह्यजे,” पंचफुला म्हणाली आणि तीही हसली.

मयुरी टरबुजाच्या फोडी हातानं कुस्करायला लागली. बिया वेचून बाजूला टाकल्या आणि लगदा कोरड्या फडक्यात घालून पिळला. लाल रस गंजात पडू लागला. मग तिनं टोपलीतलं लिंबू घेतलं आणि तसंच चिरायला ठेवलं.

“थांब. दे इकडे,” पंचफुला म्हणाली.

लिंबाच्या कामात तिला बसून राहवत नसे. तिनं एकेक लिंबू फरशीवर तळहाताखाली दाबून लोळवलं. कडक लिंबू हळूहळू मऊ पडलं. मग आडवं चिरून, टोकानं बिया काढून ती पिळू लागली. “शेवटपर्यंत पिळू नोको. सालीचं कडू उतरते. थोडं ठेवावं लागते.”

“तू ठेवशील? तू तं बाजारात एक लिंबू सोडत नाही.”

“गिऱ्हाइकाले नाही सोडत. सालीले सोडते.”

मयुरीनं पिठीसाखर घातली, काळं मीठ घातलं आणि भाजलेलं जिरं तळहातावर चुरून टाकलं. पुदिना घेतलाच नाही, कारण तो धुवावा लागला असता. पंचफुलानं मान डोलावली. लेकीनं सगळा विचार केला होता. रस ढवळताना वर गुलाबी फेस आला आणि ओसरीवर लिंबाचा वास पसरला. पंचफुलाच्या घशाला सकाळपासून कोरड होती.

“आणा तो गंज,” पुष्पाबाई म्हणाली. “मी गिलासात भरून आणते. तुम्ही मायलेकी बसा जरा.”

ती गंज घेऊन आत गेली. मयुरीनं सालं गोळा केली. गल्लीत कोणी नव्हतं. समोरच्या कडुलिंबाखाली एक शेळी पाय दुमडून बसली होती.

पुष्पाबाई ताटात तीन गिलास घेऊन आली. पहिला तिनं विहिणीच्या हातात दिला. पंचफुलानं गिलास कपाळाला लावला. तो अजून गार होता. मग तिनं मोठा घोट घेतला.

आंबट, गोड, खारं, सगळं जागच्या जागी होतं. पण घोट गिळण्याआधी तिच्या जिभेवर काहीतरी बुळबुळीत आलं. तिनं तोंड मिटूनच गिलासात पाहिलं. लाल रसात काळे बारीक दाणे तरंगत होते आणि प्रत्येक दाण्याभोवती पांढुरकं, जाड आवरण होतं.

सब्जा. कोरडा असतो तेव्हा तो मोहरीसारखा असतो. फुगतो तो पाण्यात.

पंचफुला उठली, ओसरीच्या कडेला गेली आणि तोंडातला घोट अंगणात थुंकली. लाल ओघळ धुळीत पडला आणि लगेच जिरला.

पुष्पाबाईच्या हातातलं ताट तसंच राहिलं. “माह्या ध्यानातच आलं नाही वो, इहीनबाई. सकायीच भिजू घातला होता. तुम्ही उन्हातून येता म्हून. सरबत म्हतलं की माह्या हातून सब्जा पडतेच.” तिनं विहिणीच्या हातातला गिलास घेतला, दुसरे दोन तसेच ताटात उचलले आणि ती आत गेली. तिनं आपला गिलास तोंडाला लावलाही नव्हता.

“चुकून झालं,” पंचफुला पदरानं तोंड पुसत म्हणाली. “त्याचं काही नाही. मयुरे, अर्धं टरबूज हाय अजून. दुसरं कर, बिनसब्ज्याचं.”

मयुरी जागची हलली नाही. “नाही करत.”

“काऊन?”

“नाही करत म्हणून. लेकरू झाल्यावर या घरचं पाणी पेशील ना तू?”

“हाव. पोटभर पेईन.”

“नाही होणार.”

“असं बोलू नोको भरल्या घरात.”

“दवाखाना बंद केला आम्ही. दिवाळीपासून. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईनं साफ सांगतलं. मी अन् हे रातभर बोललो आणि सकायी आत्याबाईले,” मयुरीनं सासू गेली त्या दाराकडं मान केली, “सांगतलं. आत्याबाई म्हणल्या, ठीक हाय, आपण तिघं. त्या दिवसापासून या घरात त्यावर कोणी शब्द काढला नाही, माय. गावातलेही आता इचारत नाहीत. एक तूच बोलते.”

“मी?” पंचफुलाचा आवाज चढला. “मी कधी बोलली? तोंडातून एक अक्षर काढलं का मी कधी?”

“बाटली काढते ना. दर बाजाराले येते, बसते अन् बाटली काढते. ती काढली की आत्याबाई उठून आत जातात. तुह्या कधी ध्यानात आलं नाही. त्याइले वाटते, आपल्या घराचं काहीतरी उणं इहीन दाखवून राह्यली. अन् मले वाटते माहं. मागच्या खेपेला टपरीवरून पाणी आणलं तुह्यासाठी. सारं गाव पाहत होतं. आज थुंकली.”

मयुरी रडत नव्हती. परातीतल्या टरबुजाच्या बिया बोटानं एका बाजूला सारत ती बोलत होती. पंचफुला बाजारात भाव सांगायची तसं, एकदाच.

“तुनं सांगाचं होतं मले,” पंचफुला म्हणाली. “दिवाळीलेच सांगाचं होतं.”

“सांगतलं असतं तं काय केलं असतं? यायचं बंद केलं असतं?”

पंचफुला पुन्हा भिंतीला टेकून बसली. उन्हाळ्यांमागून उन्हाळे ती या ओसरीवर तहानेली बसली होती आणि त्या तहानेचं तिला कधी ओझं वाटलं नव्हतं. आपण लेकीसाठी काहीतरी धरून आहोत, असंच तिला वाटे. मरीआईपुढं, देवळात, कुठं कुठं तिनं नारळ फोडले होते, पण खरा नवस हाच, न प्यायलेल्या पाण्याचा. तिच्या बापालाही थांबावं लागलं होतं. पण बापाच्या थांबण्याला शेवट होता. आपण मरेपर्यंत अशाच बसू आणि प्रत्येक वेळी आत विहीण अशीच उठून जाईल, हे तिला आता दिसलं.

रस्त्यावर काळीपिवळीचा हॉर्न वाजला. हीच तिची नेहमीची गाडी. मयुरीनं वर पाहिलं. “जाय, माय. गाडी लागली.”

पंचफुला उठली. तिनं लुगड्याची धूळ झटकली. मग ती पायरीकडं न जाता आतल्या दाराकडं वळली. मयुरीच्या लग्नापासून ती कधी ओसरीच्या पुढं गेली नव्हती. उंबऱ्यावर ती क्षणभर थांबली आणि आत गेली.

पुष्पाबाई माठाजवळ जमिनीवर बसली होती. तिन्ही गिलास भरलेले, ताटात तसेच होते. विहिणीला आत आलेली पाहून ती गडबडीनं उठू लागली.

“बसा,” पंचफुला म्हणाली. “मी थुंकली ते वाईट केलं. तुम्ही मायेनं आणलं होतं.”

“नाही वो, माहीच चूक.”

“मले पाणी द्या, इहीनबाई.”

“हाव, हाव. थांबा, कुलदीपले फोन लावते. टपरीवरून...”

“टपरीवरचं नाही. या माठातलं.”

पुष्पाबाईनं दाराकडं पाहिलं. मयुरी तिथं येऊन उभी होती. तिच्या हातांना अजून टरबुजाचा लाल रंग होता. बाहेर गाडीनं पुन्हा हॉर्न दिला, थोडी थांबली आणि निघून गेली.

“रीत मोडते, इहीनबाई,” पुष्पाबाई हळूच म्हणाली. “मंग उद्या तुमच्या जिवाले लागन. आमच्यासाठी नोका करू.”

“मी पाळली ना आतापर्यंत? मंग सोडाचा हक्कबी माहाच हाय. द्या.”

पुष्पाबाईनं तांब्या विसळला. माठावरचं झाकण काढून तांब्या भरला, त्याचं बूड पदरानं पुसलं आणि दोन्ही हातांनी पुढं केला. पंचफुलानं तो घेतला आणि वरून न ओतता सरळ ओठांना लावला.

या पट्ट्यातलं पाणी खारं, हे तिनं बाजारात बसून हजार वेळा ऐकलं होतं. इथं डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, असं गिऱ्हाइकं सांगायची. पण किती खारं, ते तिला माहीत नव्हतं. पहिला घोट तिच्या घशात अडला. तिनं तो उतरू दिला आणि दुसरा घेतला. लग्न होऊन आल्यापासून मयुरी हेच पाणी पीत होती. अर्धा तांब्या संपला तेव्हा ती श्वास घ्यायला थांबली.

“खारं लागलं असंल तुले,” मयुरी दारातून म्हणाली.

“हाव,” पंचफुला म्हणाली. “चांगलंच खारं हाय.”

तिनं उरलेलं पाणी पिऊन संपवलं आणि रिकामा तांब्या पुन्हा विहिणीपुढं धरला.