पेर्कोसाहेबांचा बंब

मित्रांनो, मी एक जुना आगीचा बंब आहे. इंजिन वगैरे मला नाही. चार चाके, तांब्याची टाकी आणि दोन्ही बाजूंना लांब दांडे. माणसांनी दांडे वर-खाली हापसले की माझ्यातले पाणी नळीतून जोरात उडते. स्लोव्हेनियात साविन्या नदीच्या काठी आमचे शहर आहे. माझ्या अंगावर सोनेरी अक्षरांत लिहिले आहे, ‘आल्फोन्झ पेर्को यांचे शहरास दान’. ‘अग्निशमन दल’ हे शब्दही आहेत, पण ते वाचायला तुम्हाला चांगलेच वाकावे लागेल.

मला घडवले एका तांबटाने. पैसे जमवले गावातल्या बायकांनी, जत्रांमधून अक्रोड भरलेला गोड पाव विकून. कमी पडले तेवढे पेर्कोसाहेबांनी घातले आणि नाव रंगवायला रंगारी मात्र स्वतःचा पाठवला.

आमच्याकडे नव्या बंबाचे बारसे होते. पाद्री पाणी शिंपडतात आणि बंबाला एक धर्मपिता लाभतो. त्याने त्या दिवशी भाषण करावे आणि पुढे संकटात पाठीशी उभे राहावे, अशी रीत. माझे धर्मपिता पेर्कोसाहेब. रीतीचा पहिला भाग त्यांनी मनापासून पार पाडला. भाषण इतके लांबले की मला जुंपलेले घोडे पेंगू लागले.

शहरात विजेचे दिवे त्यांनी आणले, पूल रुंद केला, वाचनालय बांधले, हे मी नाकारत नाही. दिवे खरोखर लागत होते. पण त्या माणसाला शहर म्हणजे आपले नाव टांगायची खुंटी वाटे. वाचनालयात पुस्तके यायच्या आधी त्यांची तसबीर आली. अशा मोठेपणाची मला किळस येते.

त्यांचा चामड्याचा कारखाना होता. तिथे त्यांनी एक नवा शोध लावला, शिवणीऐवजी डिंकासारख्या लुकणाने चिकटवलेली चामड्याची नळी. प्रदर्शनात तिला पदक मिळाले. मग त्यांनी माझ्या विणलेल्या तागाच्या नळ्या काढून नेल्या आणि या नव्या बसवल्या. पहिल्याच कवायतीत सांधे सुटले आणि आमचे दलप्रमुख ओझबाल्ट कमरेपर्यंत भिजले.

“कशी आहे नळी?” पेर्कोसाहेबांनी विचारले.

“फार... फार लवचीक आहे, साहेब,” ओझबाल्ट म्हणाले.

धर्मपित्याने दिलेल्या वस्तूला नावे ठेवणे म्हणजे घरच्या वडीलधाऱ्याचा अपमान, असे आमचे लोक मानतात. म्हणून सगळ्या दलाने ओल्या हातांनी टाळ्या वाजवल्या. एवढी धडधाकट, मिशाळ माणसे! आगीत शिरायला भीत नव्हती, तोंड उघडायला भीत होती. फक्त बेकरीवाली नेझा हसत म्हणाली, “अहो, आगीवर कमी आणि दलप्रमुखांच्या विजारीतच जास्त पाणी गेलं की!”

लोकांनी तिलाच गप्प केले.

पुढे एका बाजारच्या दिवशी नेझाच्याच बेकरीचे धुराडे पेटले. खाली भट्टी आणि दुकान, वर तिचे घर. दुसरे काही तिच्यापाशी नव्हते. मला दौडत आणले. माणसांनी दांडे हापसले आणि पदकवाली नळी तीन ठिकाणी उलली. पाणी रस्त्यावर वाहू लागले. ज्वाळा वरच्या खिडक्यांतून बाहेर आल्या.

“जुन्या नळ्या कुठायत?” ओझबाल्ट ओरडले.

सगळ्यांच्या माना एकदमच समोरच्या बंगल्याकडे वळल्या. पेर्कोसाहेबांच्या बागेत, गुलाबांच्या ताटव्यात, माझ्या तागाच्या नळ्या पसरल्या होत्या. स्वतःच्या फुलांसाठी त्यांना न गळणारी नळी लागत होती.

नेझा फाटक ढकलून आत घुसली आणि नळी ओढू लागली.

“अगं बाई, गुलाब तुडवतेस!” पेर्कोसाहेब ओरडले.

“माझं घर जळतंय आणि तुम्हाला गुलाबांचं पडलंय? धर्मपिता आहात ना? मग धरा हे टोक!”

त्यांनी आधी आपल्या पांढऱ्या हातमोज्यांकडे पाहिले. तेवढ्यात ओझबाल्ट धावले आणि त्यांनी ते टोक उचलले. तागाची नळी बसवताच पाणी थेट छपरावर गेले. तरी उशीर झालाच होता. नेझाचे राहते घर जळाले. भट्टी आणि दुकान तेवढे वाचले.

महिन्याभरात पेर्कोसाहेबांनी बेकरीच्या भिंतीसाठी संगमरवरी पाटी पाठवली. ‘पेर्को यांच्या दानामुळे ही बेकरी वाचली.’ नेझाने पाटी ठेवून घेतली.

“लावणार तू ही?” ओझबाल्टनी चिडून विचारले.

“लावणार तर! पण भिंतीला नाही,” ती म्हणाली. तिने पाटी ओट्यावर पालथी घातली, पीठ भुरभुरले आणि तिच्यावर कणीक मळायला घेतली. “दगड चांगला गार आहे हो. साहेबांचं पहिलंच दान, जे गळत नाही.”

त्या दिवशी सगळे दल पोट धरून हसले. मला मात्र हसू आले नाही. हेच हसू कवायतीच्या दिवशी आले असते, तर तिचे घर वाचले असते.

मित्रांनो, तुमच्या गावाला कोणी काही दिले, तर त्याचे आभार जरूर माना. पण देणाऱ्यासमोरच ती वस्तू चालवून बघा, आणि ती गळत असेल तर तिथल्या तिथे मोठ्याने सांगा.