दोन्ही बाह्या डाव्या

तुमच्या-आमच्या ओळखीत एखादी भिंगरी असतेच. बोलणाऱ्याचं वाक्य मध्येच तोडणारी, पाच मिनिटं एका जागी न बसणारी. आपण तिला आगाऊ म्हणतो आणि मोकळे होतो. कोट शिवणाऱ्या एका कारखान्यात कापड कापणाऱ्या बाईला तर सगळे भिंगरीच म्हणत. वय चौतीस. हातात कसब होतं, पण जीभ आणि कात्री, दोन्ही ताब्यात नाहीत!

जेवणाच्या सुट्टीत शिलाईच्या बायका एकत्र बसत. पूर्वी तीही बसे. पण कोणी आपलं दुखणं सांगू लागलं की ही मध्येच स्वतःचं सुरू करी. एकीच्या सोडचिठ्ठीची गोष्ट हिच्याच तोंडून फुटली. कोणी भांडलं नाही, फक्त हिच्यासाठी खुर्ची उरेनाशी झाली. मग ती खिडकीत डबा ठेवून उभ्याउभ्याच खाई. घरीही वाट पाहणारं कोणी नव्हतं. रोज ठरवायची, उद्यापासून गप्प बसायचं. ते सकाळी दहापर्यंत टिकायचं.

एकदा एका गिऱ्हाइकाने वडिलांनी जपून ठेवलेलं कापड आणलं. कोटापुरतंच होतं. कारखान्याचे मास्तर तिला सांगू लागले, "कापड एकेरी आहे, तेव्हा पहिली बाही झाली की..."

"कळलं, कळलं!" म्हणत तिने कात्री चालवलीसुद्धा. एकेरी, म्हणजे एकाच बाजूने सुलट असलेल्या, कापडावर दुसऱ्या बाहीसाठी कागदी खाका उलटा ठेवावा लागतो. तिने तो तसाच सरकवला. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या!

गिऱ्हाइकाने शेवटी बिनबाह्यांचं जाकीट शिवून घेतलं, पण कपाळावर आठ्या घेऊनच. मास्तर एवढंच म्हणाले, "आजपासून कात्रीला हात लावायचा नाही. बसून बटणं लाव." येणारं एकच काम तिच्या हातून गेलं.

जिन्यात ती एकटीच रडत होती. काजं करणारी मावशी शेजारी येऊन बसली. "लहानपणीही अशीच होतीस का गं?"

"शाळेत रोज दाराबाहेर उभी असायचे. मावशी, थांबायला हवं हे मला कळतं हो. पण कळेपर्यंत होऊन गेलेलं असतं. आत सारखं कोणीतरी चल, चल म्हणतं."

"माझ्या भाचीचं हेच होतं. डॉक्टर एडीएचडी म्हणाले, म्हणजे लक्ष आणि घाई ताब्यात न राहणं. मोठेपणी पळापळ दिसत नाही, ती आत चालते."

"म्हणजे मी वेडी?"

"वेडीचा काप एवढा सरळ येतो होय? पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस, तपासून घे."

मानसोपचारतज्ज्ञांनी शाळेपासून कारखान्यापर्यंतचं सगळं विचारलं. निदान तेच निघालं. औषध सुरू झालं, समुपदेशनही. पण कात्री परत मिळवून द्यायला मावशीच मास्तरांपुढे उभी राहिली.

"तिला दिवसभर बसवाल तर ती टिकायची नाही. उभ्याने कापू द्या. कात्री समोरच्या भिंतीला टांगा, आणायला जाईपर्यंत हात थांबेल. आणि तुमचं सांगणं तिने आधी तुम्हाला म्हणून दाखवायचं, मगच कापायचं."

"एकीसाठी वेगळे नियम?"

"बुटक्या बाईच्या पायाखाली फळी देताच की! तेव्हा नाही विचारलंत?"

मास्तरांनी कात्री उचलून समोरच्या भिंतीला टांगली. महिनाभराने ते तिला म्हणाले, "इतकी वर्षं मी नुसता ओरडलो. असं का होतं, हे एकदाही विचारलं नाही. चुकलंच माझं!"

जिची गोष्ट फुटली होती, त्या बाईची तिने माफी मागितली. ती बाई म्हणाली, "उपचार घेतेस, चांगलं आहे. पण मला अजून नाही जमणार तुझ्याशी बोलायला." हिच्या जिभेवर दहा उत्तरं आली. तिने ती गिळली आणि "बरं" म्हणाली. डोळे भरले होते, पण शब्द थांबले होते.

वाचकहो, हा आजार काही तिचा गुन्हा नव्हता. दुखावलेल्या माणसाची माफी मात्र तिने मागितली, कारण ती तिनेच मागायची होती. आता आपलं काय? कोणाला आगाऊ ठरवण्याआधी "तुला थांबणं जड जातं का?" एवढं तरी विचारूया. चौतीस वर्षं तिला हे कोणी विचारलं नाही, आणि सगळे तिच्या आसपासच होते!