चिंध्यांची निवड

शेठकडे चिंध्या निवडणाऱ्या गोजरबाईने राघूचं गाठोडं सोडलं आणि घोंगड्यांचे तुकडे एकामागून एक अंगणात भिरकावले.

"आरं, लोकरीचा कुटं कागद व्हतो? सुती चिंध्या पायजेत!"

राघू बघतच राहिला. घाटघरपासून राजुरीपर्यंत आठ दिवस तो सुया देऊन चिंध्या गोळा करत हिंडला होता. बायकांनी पुढे केलेली फाटकी लुगडी त्याने नाक मुरडून परत केली आणि घोंगड्यांचे तुकडे तेवढे घेतले. लोकरीहून किमती चिंधी ती कोणती? धनगराला सुताचं मोल शिकवणार तरी कोण!

आधी तो ओशाळला. मग मात्र त्याला असा आनंद झाला की हसू लपवता येईना. रोगाने मेंढरं चाळिसावर आली होती; त्यांवर दोघा भावांचं पोट भागत नव्हतं. थोरल्या सोमाजीने बजावलं होतं, "शेटनं कामावर न्हाई ठिवलं, तरच माघारी ये."

"मग जातो मी," तो गोजरबाईला म्हणाला. "आमची मेंढरं उद्या नाणेघाटानं कोकणात उतरत्यात."

"थांब जरा."

सुगनचंद शेठ ओसरीवरून खाली आले. पुण्याच्या कागद कारखान्याला चिंध्या पुरवायचा त्यांचा धंदा. सुतात लोकर निघाली म्हणून गेल्या महिन्यात सगळा माल परत आला होता. त्यांनी राघूपुढे सुती-लोकरी सरमिसळ चिंध्यांचा ढीग ओतायला लावला.

"डोळे मिटून लोकर वेगळी काढ. जमलं तर कायमचा इथंच बस."

न जमायला काय लागतं! दोन तुकडे सुतात सोडले की सुटका. राघूने डोळे मिटले. बोटांना धोतर लागलं, लुगडं लागलं, मग खरखरीत लोकर लागली. सुताच्या ढिगात टाकायला म्हणून त्याने ती उचलली, पण हात पुढे जाईना. जन्मभर लोकर कातरलेली, पिंजलेली ती बोटं. तिला चिंध्यांत लोटायला ती काही केल्या तयार होईनात. त्याने तुकडा मांडीवर ठेवला. मग दुसरा, मग तिसरा.

डोळे उघडले तेव्हा सुताच्या ढिगात लोकरीचा एक धागाही नव्हता. शेठ खुशीत मान डोलवत आत निघून गेले.

गोजरबाईने सरकून आपल्या तरटावर त्याला जागा करून दिली.

"येक तरी चुकवायचास की रं," ती हळूच म्हणाली.