आटवलेलं पाणी

विहिरीभोवती नुसती झुंबड उडाली होती. बॅप्टिस्टने वाटी विहिरीच्या पाण्याने भरली, बोटं बुडवून काहीतरी पुटपुटला, आणि पाणी लालभडक झालं. बायकांनी छातीवर क्रूस काढले. हा बॅप्टिस्ट परवापर्यंत केळीचे घड विकायचा. आता त्याला भुतांची भाषा समजू लागली होती. कळंबच्या किनाऱ्यावरच्या सुरूच्या बागेतली झाडं शेंड्याकडून पिवळी पडत होती, कारण म्हणे तिथली हडळ त्यांचं रक्त पीत होती.

सालोमीच्या कडेवर चार महिन्यांचा केनी होता. नळ बंद असल्याने आठवडाभर त्याचं पावडरचं दूध याच विहिरीच्या पाण्यात कालवलं जात होतं, आणि दोन दिवस त्याचे ओठ निळसर दिसत होते.

"झाडं संपली, आता ती पोर मांगते," बॅप्टिस्ट म्हणाला. उपाय तयारच होता: हेच पाणी आटवून अर्धं करायचं आणि त्यात दूध कालवून पाजायचं, नऊ दिवस, नोव्हेनाच्या प्रार्थनेसारखं.

काढा आटवला की गुण वाढतो, हे सालोमीला आईने शिकवलेलं. तिने मनोभावे पाणी आटवलं. पाचव्या दिवशी केनीची नखं जांभळी झाली, रडायचंही त्राण उरलं नाही. सालोमीची पाचावर धारण बसली. तरी तिने नऊ दिवस पुरे केले असते, पण पापडीहून नणंद मर्लिन आली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. पोराकडे एक नजर टाकून तिने रिक्षा बोलावली.

इस्पितळात केनीचं रक्त चॉकलेटच्या रंगाचं निघालं. डॉक्टरांनी शिरेतून निळं औषध दिलं.  तासाभराने त्याच्या ओठांवर हळूहळू गुलाबी रंग चढला.

दुसऱ्या दिवशी मर्लिनने विहिरीवर सगळ्यांसमोर घरून आणलेलं पाणी तसंच लाल करून दाखवलं. वाटीला आधीच हळद फासलेली, बोटांना चुना. झाडांचंही तिने सांगितलं. बागेमागे टँकर येऊन मैला ओतून जात होते. त्यातल्या नत्राने झाडं आधी माजली, पण वाळूत बाकीचं अन्न कुठलं, म्हणून पिवळी पडली. झाडांना न पचलेलं नत्र बागेशेजारच्या या विहिरीत झिरपलं, आणि तेच तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू वाहू देत नव्हतं.

"पन मी उकळलं होतं," सालोमी म्हणाली.

"उकळल्याने जंतू मरतात, नत्र जात नाही. पाणी अर्धं झालं, विष दुप्पट झालं."

 समोर शेजारची बेला उभी होती. तिच्या कडेवर तीन महिन्यांची मुलगी, हातात तशाच आटवलेल्या पाण्यात कालवलेल्या दुधाची बाटली. सालोमी तिच्याजवळ गेली.

"बेला, भीती मला पन वाटली. पन भ्यालीस की विचार, रंग कशाचा, पानी कसलं. आनि पोरीला डॉक्टरकडे ने. मी पाच दिवस कोनाला काय विचारलं नाय. माझ्याच हातानं पाजत होते."

बेलाने बाटली वाळूत उपडी केली.