तिसऱ्या फेरीची चिठ्ठी

“बेटी, सासूबाईंना बाहेरच्या बाकावरच बसव. एकदा का आत आल्या, तर लेकरू तुझ्या कडेवर येतंय बघ.”

उमरग्यातल्या आमच्या जिमचे फकरुद्दीन सर पहिल्याच दिवशी हे म्हणाले होते. मी हसण्यावारी नेलं. बावन्न वर्षांच्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, जिममध्ये करणार तरी काय? त्या माझ्या आठ महिन्यांच्या माहीला सांभाळायला आल्या होत्या. वजन मी उचलणार होते. कॉलेजात असताना मी डेडलिफ्टमध्ये, म्हणजे जमिनीवरची वजनाची दांडी कमरेपर्यंत उचलण्यात, विद्यापीठाकडून खेळलेली. एकशेपाच किलो. त्याचं प्रमाणपत्र आमच्या बैठकीत फ्रेम करून लावलंय.

चौथ्या दिवशी साठ किलोलाच माझी पाठ धरली. मी बाजूला झाले, तसं सर गमतीनं म्हणाले, “आत्याबाई, तुम्ही बघता का?” आत्यांनी माही माझ्याकडं दिली, पदर खोचला आणि दांडी सरळ उचलून उभ्या राहिल्या.

“सोयाबीनचा भरलेला कट्टा ह्याच्याहून वंगाळ,” त्या म्हणाल्या. “ह्याला निदान धरायला दांडी तरी हाय.”

डॉक्टरांनी मला वर्षभर वजनाला हात लावू नका म्हणून सांगितलं. सिझर झालेलं, पाठ कच्ची. आत्या मात्र जातच राहिल्या. त्यांना एकटीनं जायचा संकोच, म्हणून सोबत मी. बाहेरच्या बाकावर, माही कडेवर. माही काय तोंडात घालते ते बघायचं आणि काचेतून आत्यांकडं बघायचं. सर त्यांना किती वेळा शाब्बास म्हणाले, ते मला रोज सांगता आलं असतं. बाहेर आल्या की त्यांचे हात पांढऱ्या पावडरीनं माखलेले असायचे आणि माही माझ्या कडेवरून त्याच हातांकडं झेपावायची.

“आई लई तालीम करती का आजी?” असं आत्या तिला विचारायच्या. गमतीत. मला ती गंमत आजही आवडत नाही.

वर्षभरानं धाराशिवला जिल्ह्याची स्पर्धा झाली. नुसती डेडलिफ्ट, पन्नाशीपुढच्या बायकांचा वेगळा गट. आत्यांनी स्पर्धेचा तो घट्ट पोशाख घातला, पण नाव पुकारेपर्यंत अंगावरची शाल सोडली नाही. प्रत्येकीला तीन संधी. एक संधी झाली की मिनिटाच्या आत पुढचं वजन चिठ्ठीवर लिहून टेबलावर द्यायचं. सर दुसऱ्या पोरांच्या मागं होते. चिठ्ठ्या त्यांनी माझ्या हातात दिल्या. “तुला कळतंय यातलं,” म्हणाले.

मला खरंच कळत होतं. बेंबळीच्या हरणाबाईंनी पहिल्याच फेरीत एकशेपाच उचलून ठेवलं होतं. पुढं त्यांना जमलं नाही. आत्यांनी दुसऱ्या फेरीत साडेसत्त्याण्णव असं उचललं, की श्वाससुद्धा चढला नाही. वजन अडीच-अडीच किलोनंच चढतं, म्हणून पहिलं यायचं तर एकशे साडेसात लागत होतं. आणि ते त्यांच्यात होतं.

“तू लिहिशील ते,” आत्या म्हणाल्या आणि पाणी प्यायला लागल्या.

चिठ्ठी माझ्या हातात होती. डोळ्यांपुढं बैठकीतली फ्रेम. एकशे साडेसात लिहिलं असतं, तर घरात माझा आकडा दुसरा झाला असता. माझं लेकरू त्यांच्याकडं झेपावतं, माझे सर त्यांना शाब्बास म्हणतात. हे एक तरी माझं राहू दे, असं वाटलं. मी एकशे अडीच लिहिलं.

माईकवरून आकडा पुकारला, तेव्हा आत्यांनी एकदाच माझ्याकडं बघितलं. मग जाऊन उचललं, पंचांनी हात खाली करेपर्यंत धरलं, आणि अलगद ठेवलं. दुसरा नंबर.

परतीच्या एसटीत माही त्यांच्या मांडीवर झोपली होती.

“तुझं एकशेपाच हाय न्हवं?” त्या म्हणाल्या. “रोज पुसती की म्या ती फ्रेम.”

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून जिममध्ये एकशेपाच झालं की त्या दांडी खाली ठेवतात. “बास एवढं,” म्हणतात. सरांनी किती सांगितलं तरी त्यापुढं एक चकती चढवू देत नाहीत. माझ्या वाटणीचं ठेवल्यासारखं. त्यांच्या ताकदीपेक्षा या ठेवण्याचाच मला जास्त जळफळाट होतो. मला त्यांना जिंकू द्यायचं नव्हतं, हे खरं. पण त्यांनी माझ्यासाठी हरावं, हे त्याहून सोसवत नाही.

येत्या रविवारी सोलापूरला जिल्ह्याच्या पुढची स्पर्धा आहे. पहिल्या दोघींना बोलावलंय. माहीला ताप आहे, मी जाऊ शकत नाही. चिठ्ठी आपणच लिहिणार, असं आत्यांनी सरांना बजावलंय.

तुमच्यापैकी कुणी तिथं असाल, तर एवढं करा. शाल पांघरून कोपऱ्यात बसलेली, सावळी, उंच बाई शोधा. शिवकन्या नाव. बीपीची गोळी घेतली का विचारा, विसरतात. आणि तिसऱ्या फेरीची चिठ्ठी टेबलावर जायच्या आधी एकदा डोकावून बघा. आकडा एकशेपाच किंवा त्याच्या आत असला, तर तुमच्या सुनेनं, राजेश्वरीनं सांगितलंय म्हणा, आणि खोडायला लावा.