आज्ञा मागे घेताना

या मायबाप, असे जवळ सरकून बसा. एका आज्ञेची गोष्ट सांगतो. धनी गेला, तरी ती दाराशी उभीच होती.

दादा आणि धाकटी, दोघं भाऊबहीण प्रोग्रामर. घरातले दिवे, कुलूप, स्पीकर, सगळं दादाच्या प्रोग्रामवर चालायचं. त्याची रीत अशी, की प्रत्येक कमांडची, म्हणजे आज्ञेची, पुडी बांधायची. काय करायचं, कुणी करायचं, नको झालं तर मागे कसं घ्यायचं, सगळं आतच. बटण बिचारं अडाणी. ते नुसती पुडी रांगेत लावतं.

कामावरून परतताना दादा वळणावरूनच फोनवरचं बटण दाबायचा. घरात स्पीकरवर त्याच्या आवाजात, "आई, आलो गं!" मग त्याच्या किल्लीनं कुलूप उघडलं की कमांड पुरी. त्या दिवशी बटण दाबलं आणि वळणावरच ट्रकनं त्याला गाठलं, तो जागीच गेला. कुलूप उघडलंच नाही. कमांड अपुरी राहिली, म्हणून रांग ती रोज पुन्हा चालवायची.

रोज दिवेलागणीला, "आई, आलो गं!" आई लगबगीनं त्याचं ताट मांडायची आणि दाराकडे बघत बसायची. स्वतः घासाला शिवायची नाही. अंगाची पार काडी झाली होती.

"आई, तो प्रोग्राम आहे गं."

"तू गप! माझ्या लेकाचा आवाज मला कळत नाही? पुसलास तर याद राख."

धाकटीनं पुडी उघडली. 'मागे घे'ची जागा कोरी! "आळशी मेला," म्हणता म्हणता तिनं जीभ चावली. 'आलो' मागे घ्यायचं, तर निघतानाचा शब्द हवा.

"आई, त्या सकाळी काय म्हणून निघाला तो?"

"काहीच नाही. माझा डोळा लागला होता, हळूच गेला. एरवी तो 'येतो' म्हणायचा, मी 'ये' म्हणायचे." आईनं दाराकडे पाहिलं. "तेवढं राहिलं बघ."

धाकटीनं माइक पुढे केला. "मग आता म्हण."

आई माइकाशी वाकली. मग म्हणाली, "ये, बाळा. सांभाळून."

तेवढाच आवाज धाकटीनं कोऱ्या जागेत ठेवला आणि कमांड मागे घेतली.

स्पीकर खरखरला. आधी दादा बोलला, "आई, येतो." मग आईचं उत्तर.

धाकटीच्या अंगावर सरसरून काटा आला. दादाचा तो शब्द तिनं घातलाच नव्हता. शोधशोध शोधला, कुठल्याच फाइलीत नव्हता. रांग मात्र रिकामी झाली होती.

आईनं त्याचं ताट उचलून फळीवर ठेवलं. "बस," म्हणाली, "जेवू या. भूक लागली मला."

मायबाप, निघताना कुणी तुम्हाला 'येतो' म्हणालं, तर 'ये' म्हणा, आणि त्या लेकराची एकवार आठवण काढा.