एकाच बाजूने चालणारा फॉर्म

"सही करून टाक, वल्लरी. बुधवारी हॉस्पिटलला प्रोग्रॅम दाखवायचाय," अभिजित सरांनी चाचणीचा अहवाल तिच्यापुढे सरकवला.

वल्लरी भोइटेने तो तसाच परत सरकवला. "नापास झालेल्या कामावर पास लिहू, सर?"

२००७ साल होतं. सी-स्कीम या भागातल्या त्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत इतरांनी लिहिलेला कोड तपासणं हे वल्लरीचं काम. हा प्रोग्रॅम वॉर्डातल्या सिस्टरांसाठी होता. पडद्यावर एकीकडे रुग्णाचा फॉर्म, दुसरीकडे औषधांचा तक्ता. फॉर्ममध्ये डोस बदलला की आतली नोंद बदलायला हवी, आणि तक्त्यातून नोंद बदलली की फॉर्ममधला आकडाही आपोआप बदलायला हवा. पहिली बाजू व्यवस्थित चालत होती. दुसरी अजिबात नाही. फॉर्ममध्ये जुना डोस तसाच राहायचा, आणि कुणी तो फॉर्म सेव्ह केला की जुना आकडा गुपचूप नव्याच्या जागी जाऊन बसायचा. वल्लरीने दोन्ही बाजू तपासणारी दहा-बारा ओळींची चाचणी लिहिली होती. ती चालवली की पडद्यावर दर वेळी लाल रेघ, म्हणजे नापास.

"मतलब, एवढा उलटसुलट खेळ करतंय कोण?" अभिजित सर वैतागले.

"सिस्टर करतील. दिवसातून चार वेळा करतील."

"तू नाही केलीस तर दुसरं कुणी सही करेल."

"करू दे. माझं नाव त्यावर येणार नाही."

संध्याकाळी आदर्श नगरच्या घरी तिने हे सांगितलं, तेव्हा तिच्या वडिलांनी, उत्तमरावांनी, कपाळाला हात लावला. विमा कंपनीच्या बदलीवर ते फलटणहून इथे परराज्यात आले, आणि इथलेच झाले. पण मनातली धास्ती काही गेली नव्हती. "अगं, परक्या गावात वरिष्ठांशी वाकडं घेऊ नये."

"परकं तुम्हाला, बाबा. मी पहिलीपासून इथेच शिकलेय. उद्या त्याच हॉस्पिटलात तुम्हाला ठेवावं लागलं तर?"



बुधवारी तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती रिक्षा करून गेलीच. अभिजित सरांनी तिला दारात पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला, पण सिस्टरांच्या प्रमुख, मेट्रन रत्नप्रभाजी समोर होत्या, त्यामुळे बोलता येईना. सगळं छान दाखवून झालं. मेट्रननी विचारलं, "आणखी काही?"

"मॅडम, एकदा तुम्ही स्वतः करून बघा," वल्लरी पुढे झाली. "तक्त्यात डोस पाचशेचा अडीचशे करा."

मेट्रननी केला.

"आता फॉर्म बघा."

फॉर्ममध्ये पाचशेच होते.

"तो सेव्ह करा, आणि पुन्हा तक्ता बघा."

तक्त्यातही पाचशे झाले. मेट्रननी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "डॉक्टरांनी कमी केलेला डोस यानं परत वाढवला," त्या हळूच म्हणाल्या.

बाहेर पायऱ्यांवर अभिजित सरांनी तिला गाठलं. "क्लायंटसमोर नाक कापलंस. उद्या माफीपत्र हवंय, नाहीतर येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सरांच्या टेबलावर ठेवलेल्या कागदावर फक्त चाचणीचा निकाल होता, आणि खाली दोन ओळी: "चूक प्रोग्रॅममध्ये आहे. ती दाखवल्याबद्दल मी माफी मागणार नाही."

सरांनी कागद वाचला, चुरगळला. तेवढ्यात मेट्रनचा फोन आला. प्रोग्रॅम त्यांना हवा होता, पण दुरुस्त करून. आणि अहवालावर काल आलेल्या त्या मुलीची सही हवी होती.

तिची नोकरी राहिली. टेबल मात्र कोपऱ्यात, कूलरच्या मागे गेलं, आणि जेवायच्या सुट्टीत तिच्याशी कुणी फारसं बोलेना. तिच्या सहकाऱ्याने, प्रथमेशने, तो कोड लिहिला होता. त्याला दुरुस्तीला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी रेघ हिरवी झाली. वल्लरीने डोस दोन्हीकडून बदलून पाहिला, आणि मगच सही केली.

"झालं समाधान?" अभिजित सरांनी विचारलं.

"या फॉर्मचं झालं. याच प्रोग्रॅममध्ये अजून सतरा आहेत."

सरांनी बाकीच्या फॉर्मांची यादी तिच्या टेबलावर आपटली आणि निघून गेले. तिने पहिला फॉर्म उघडला.